ज्योत्स्नाताईंची सावली

‘दलदल’ आली त्या शनिवारी फिरके कुटुंबाच्या दोन्ही मजल्यांवर स्वयंपाक होणार नव्हता आणि ते सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तुषारने सकाळीच शेवभाजीची ऑर्डर देऊन टाकली. वरच्या मजल्यावरचे भाऊ, म्हणजे त्याचे थोरले बंधू, दोन केळी खाऊन, पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. आज बायकोला हाक मारून उपयोग नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

आत हॉलमध्ये दोघी जावा समोरासमोर बसल्या होत्या. थोरल्या ज्योत्स्नाताई सोफ्यावर, गुडघ्याखाली उशी घेऊन. धाकटी हर्षाली खाली सतरंजीवर. दोघींच्या हातात टॅब. मध्ये शेंगदाण्यांची वाटी, तीही विसरलेली.

“ताई, तुमचे गेंडे गेले,” हर्षाली म्हणाली. “हे वाचा. चिखलात टाकलेला जड प्राणी एक फेरी रुतून बसणार.”

“रुतू दे. तू आधी म्हैस उघड.”

“म्हैस?”

“खाली लिहिलंय बघ. ‘चिखलात शक्ती दुप्पट.’” ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खदखदून हसल्या. “अगं, ती रुतत नाही, लोळते! ज्याने हा पत्ता काढला त्याच्या घरी म्हशी असणार, लिहून घे.”

‘अरण्य’ हा टॅबवर खेळायचा पत्त्यांचा खेळ. हजारभर पत्त्यांतून प्रत्येकाने आपले तीस निवडायचे. त्या तिसांना म्हणायचं डेक. पत्त्यांवर प्राणी, झाडं, वारे, ऋतू. दर फेरीला थोडं पाणी मिळतं, ते खर्चून हातातला पत्ता टाकायचा, आणि समोरच्याने आपला वड पाडायच्या आत आपण त्याचा वड पाडायचा. एवढाच खेळ. पण वर्षातून दोनदा कंपनी शंभरेक नव्या पत्त्यांचा संच सोडते, आणि त्या दिवशी सगळ्यांचं शहाणपण एकदम शून्यावर येतं. कालपर्यंत कोणाला न हरणारा डेक भंगारात जातो, आणि ज्या पत्त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं तो राजा होतो. ‘दलदल’ हा असाच नवा संच होता.

ताईंच्या टॅबवर हा खेळ आला तो त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. पडून पडून आई वैतागते म्हणून मुलाने, कौस्तुभने, घालून दिला. हर्षाली तेव्हा माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतून आली की वर डोकावायची, कारण सासूबाई गेल्यापासून दोन मजल्यांत फारसं येणं-जाणं उरलं नव्हतं आणि ते तिला खटकायचं. एक दिवस ताई म्हणाल्या, “बस गं जरा, ह्या मेल्या कोल्ह्याचं काय करू सांग.” ती बसली, ती बसलीच. त्यानंतर कितीतरी संच आले आणि गेले. जिल्ह्याच्या स्पर्धांत आता भुसावळच्या फिरके जावा म्हटलं की लोक ओळखत. फक्त एक गोष्ट होती: मोठ्या स्पर्धेत हर्षालीने ताईंना कधी हरवलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ‘पारखी’ची यादी आली. पारखी हा एक प्रोग्राम. नवा संच आला की तो स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळतो आणि कुठले डेक सगळ्यांत जबर आहेत ते सांगून टाकतो. पूर्वी ते शोधायला देशभरच्या खेळाडूंना महिने लागत. आता दिवस मावळायच्या आत निकाल. दलदलीनंतरचे तीन जबर डेक त्याने सांगितले: म्हशींचा, धुक्याचा आणि मुंग्यांचा. म्हशी धुक्याला हरवतात, कारण एवढं धूड धुक्यात मावत नाही. धुकं मुंग्यांना हरवतं, एका घासात सगळ्या गिळतं. आणि मुंग्या म्हशींना हरवतात, म्हैस उठून उभी राहीपर्यंत वड पोखरून झालेला असतो. तिघांत थोरला कोणीच नाही.

“म्हणजे आता सगळे हेच तीन आणणार,” हर्षाली हिरमुसून म्हणाली. “गंमतच गेली.”

“जाते कुठे? समोरची तिघांतलं काय आणणार, ते ओळखायचं. पत्ते यंत्राने सांगितले, माणसं थोडीच सांगितली?” ताईंनी टॅब मिटला. “मी आपली म्हशी घेणार.”

“ते मी न सांगता ओळखलं असतं.”

एवढ्यात कौस्तुभचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. भाऊ गॅलरीतून आत आले. कौस्तुभने मोठा फ्लॅट घेतल्याचं घरात माहीत होतं. आज त्याने आई-बाबांची खोली दाखवली. पूर्वेची खिडकी, संडास-बाथरूम आत, गुडघ्यासाठी धरायला दांडे. भाऊ मार्चमध्ये रेल्वेतून निवृत्त झाले होते. “दिवाळी झाली की या,” तो म्हणाला. “कायमचेच. तिथे आता काय ठेवलंय? वरचा मजला काकाला वापरू दे. काय बाबा?”

“आईला विचार,” भाऊ म्हणाले.

“काय आई?”

“चालेल,” ताई म्हणाल्या.

हर्षालीने शेंगदाण्यांची वाटी उचलली आणि उगाचच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तिथे ओट्यापाशी ती थोडा वेळ उभी राहिली. बाहेर हॉलमध्ये त्या नव्या खोलीला कुठला रंग द्यायचा याची चर्चा चालली होती, आणि ताई त्यालाही “चालेल” म्हणत होत्या.

दिवाळीच्या आधी जळगावात खानदेश चषक व्हायचा होता. ताईंबरोबरची ती शेवटची स्पर्धा. ताई जाणार म्हटल्यावर हर्षालीला दोन गोष्टी हव्याशा वाटू लागल्या, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे तिच्या लक्षात आलं नाही. एक म्हणजे ताईंना एकदा तरी हरवायचं. दुसरी म्हणजे ताईंना जाऊच द्यायचं नाही. पहिलीवर इलाज होता. त्याच वर्षी कंपनीने ‘सावली’ सुरू केली होती.

पारखी सांगे, सगळ्यांत चांगली खेळी कुठली. सावली सांगे, अमुक माणूस कुठली खेळी करेल. तिची रीत अशी: आधी लाखो माणसांचे डाव दाखवून तिला शिकवलेलं, की माणसं साधारण कशी खेळतात, कुठे घाबरतात, कुठे हावरटपणा करतात. मग एकाच माणसाचे सगळे जुने डाव तिच्यासमोर ठेवायचे. त्या माणसाच्या सवयींप्रमाणे ती हळूहळू वळत जाते, नवी चप्पल पायाप्रमाणे वळावी तशी. नव्या संचातले पत्ते त्या माणसाने पाहिलेसुद्धा नसले तरी तिचं अडत नाही. ताईंबरोबर वीस वर्षं साड्या घेतलेल्या बाईला नव्या दुकानात नेलं, तरी ताईंचा हात कुठल्या साडीवर पडणार हे ती दारातूनच सांगेल. सावलीचं तसंच. पाचांतल्या चार खेळ्या ती अचूक ओळखते, असा कंपनीचा दावा होता.

सावली करायला त्या माणसाची परवानगी लागे. हर्षालीने दुसऱ्याच दिवशी विचारलं.

“माझी सावली?” ताई भाजी निवडत होत्या. “घे की. तिला गुडघे नसतील ना? मग बरंय.” आणि त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला.

पहिल्यांदा सावलीशी खेळताना हर्षालीच्या अंगावर काटा आला. प्रयोगशाळेत डब्याची सुट्टी होती. मातीचे नमुने बाजूला सारून ती टेबलाशी बसली. पडद्यावर नाव आलं: ‘ज्योत्स्ना फिरके, सावली’. सावली म्हशी घेऊन आली. ताई जिथे थबकतात तिथेच थबकली. डाव हातचा जातोय असं दिसताच तिने डोळा मिचकावणाऱ्या माकडाचं चित्र पाठवलं. ताई अगदी असंच करतात, हरताना समोरच्याचं लक्ष उडवायला. हर्षाली एवढ्याने हसली की शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून पाहू लागल्या.

मग तिला नादच लागला. ताईंशी दिवसाला दोन डाव होत. सावली केव्हाही हजर. तिला पाहुणे नसत, दवाखाना नसे, सामान आवरायचं नसे. आणि तिच्याशी खेळता खेळता हर्षालीला एक गोष्ट दिसू लागली, जी इतकी वर्षं समोर असून दिसली नव्हती. ताई पत्ते राखतात. चांगला पत्ता हातात आला की तो बाजूला ठेवतात, अजून वेळ आहे म्हणतात, आणि दहात नऊ वेळा त्यांचं चालूनही जातं, कारण संयम दांडगा. पण डाव संपतो तेव्हा ताईंच्या हातात चारपाच पत्ते तसेच असतात. सगळ्यांत चांगले.

आणि दलदलीत जळवा होत्या. जळू हा अगदी क्षुल्लक पत्ता. समोरच्याने हातात जितके पत्ते धरून ठेवले असतील, तितके थेंब पाणी ती त्याच्या वडातून शोषते. हात मोकळा ठेवणाऱ्यापुढे ती उपाशी मरते, म्हणून पारखीने जळवांचा डेक यादीच्या आसपासही ठेवला नव्हता. सगळ्या जगाविरुद्ध तो रद्दी होता. ताईंविरुद्ध तो चारांतले तीन डाव जिंकत होता.

एका रविवारी दुपारी ती कॉटवर पालथी पडून खेळत असताना ज्योत्स्नाताई तळलेल्या ज्वारीच्या पापडांची, म्हणजे बिबड्यांची, ताटली घेऊन खाली आल्या. जिना उतरायला त्यांना त्रास होई, म्हणून सहसा हर्षालीच वर जायची. पण आठवडाभर ती गेली नव्हती.

“म्हटलं, बरं नाहीये का काय.” ताईंनी ताटली ठेवली. “कोणाशी चाललंय?”

हर्षाली उठून बसली. खोटं बोलायला सुचलं नाही. “तुमच्याशीच.”

ताईंनी पडदा पाहिला. स्वतःचं नाव वाचलं. मग शेजारी बसल्या.

“मी वर एकटी पत्ते लावत बसते,” त्या म्हणाल्या, “आणि तू खाली माझ्याशी खेळत्येस.”

“ताई, तसं नाही. तुम्ही आवराआवरीत होतात. आणि तुम्ही गेल्यावर…” तिने टॅब मांडीवर घेतला. “तुम्ही गेल्यावर मला कोणी असणार आहे का इथे? हिच्यात निदान तुम्ही आहात.”

ताईंनी बिबड्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. रागावल्या की त्या खायच्या, हे हर्षालीला माहीत होतं. सावलीला माहीत असणं शक्य नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला.

“आण इकडे. मला खेळू दे तिच्याशी.”

“स्वतःशी?”

“बघू तर खरं, कशी आहे बाई.”

हर्षालीने आपला जळवांचा डेक लावून टॅब त्यांच्या हातात दिला. सुरुवातीला ताईंना मौज वाटली. “अय्या, हे मी करणार होते!” आणि “बघ, चोर कशी, वारा राखून ठेवला!” मग डाव मध्यावर आला. सावलीच्या हातात सहा पत्ते, जळवा फेरीला सहासहा थेंब शोषताहेत, वड वाळत चाललाय. मोठी म्हैस तिच्या हातात असणारच, हे ताईंना न बघताही ठाऊक होतं; अशा वेळी ती टाकली असती तर डाव फिरला असता. सावलीने एक छोटा बेडूक टाकला आणि ती थांबली.

“टाक ना,” ताई म्हणाल्या.

पुढच्या फेरीला सावलीने गवत टाकलं.

“अगं टाक ना ती म्हैस! कशासाठी ठेवलीस?” ताईंचा आवाज चढला. “पाणी आहे, चिखल आहे, सगळं आहे. कोणाची वाट बघत्येस, बये?”

सावलीने डोळा मिचकावणारं माकड पाठवलं. पुढच्या फेरीला तिचा वड कोसळला. तिच्या हातातले पत्ते पडद्यावर उलगडले: मोठी म्हैस, दुसरी म्हैस, अवकाळी पाऊस, वाघीण. सगळे न खेळलेले.

ताईंनी चष्मा सारखा करून ते पत्ते एकेक करून वाचले.

“मी अशी खेळते?”

“हो, ताई.”

“नेहमी?”

“जवळजवळ नेहमीच. म्हणून तर तिला ओळखता येतं.”

“आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“मला तरी कुठे दिसलं होतं? तुम्ही जिंकायच्या ना.”

ताईंनी टॅब परत दिला. दारापर्यंत गेल्या, मग मागे न बघता म्हणाल्या, “ताटली उद्या वर आणून दे. तू स्वतः आण.”

स्पर्धेपर्यंत मग हर्षाली रोज वर गेली. ताई तिच्याशी नेहमीसारख्याच बोलल्या, नेहमीसारख्याच म्हशी घेऊन खेळल्या आणि जळवांकडून बऱ्याचदा हरल्या. एकदा तिने सावलीला मुद्दाम विचारून पाहिलं: समोरची जळवा आणणार हे ज्योत्स्ना फिरक्यांना आधीच कळलं, तर त्या कुठला डेक घेतील? सावलीचं उत्तर आलं: म्हशींचाच. मागे कितीदा तरी समोरच्याचा डेक कळूनही ताईंनी आपला बदलला नव्हता. तेवढ्यावरून हर्षाली निर्धास्त झाली, आणि थोडी उदासही झाली.

खानदेश चषक जळगावातल्या एका मंगल कार्यालयात होता. वधूपक्षाच्या खोलीत पंच बसले होते, आणि जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. धुळ्याच्या कॉलेजातल्या पोरी, नंदुरबारचे दोन डॉक्टर, चोपड्याचा एक पेन्शनर जो प्रत्येक डावाआधी देवाचं नाव घ्यायचा. प्रत्येकाला दोन डेक नोंदवता येत; सामन्याला बसताना त्यांतला एक निवडायचा, आणि तो कुठला हे समोरच्याला पत्ते पडू लागल्यावरच कळायचं. हर्षालीने धुकं आणि जळवा नोंदवले. धुक्यावर ती आरामात पुढे सरकली. ताईंचे सामने हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. त्याही जिंकत होत्या. उपांत्य फेरीची जोडी फळ्यावर लागली: फिरके विरुद्ध फिरके. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेक्षकांत तुषार आणि भाऊ शेजारी शेजारी, कोणासाठी टाळ्या वाजवाव्यात या पेचात.

हर्षालीने जळवा निवडल्या. समोर ताई बसल्या, गुडघा चोळला, तिच्याकडे पाहून हसल्या.

ताईंचा पहिला पत्ता पडला. मुंगी.

हर्षालीला वाटलं, चुकून पडला. मग दुसरी मुंगी पडली. मग एकदम तीन. ताई जेवढं पाणी मिळेल तेवढं त्या त्या फेरीला उधळत होत्या. विचार नाही, थांबणं नाही. पत्ता हातात आला की टाकला. हर्षालीने भराभर जळवा लावल्या, पण जळवा शोषणार कशाच्या जोरावर? ताईंचा हात रिकामा होता. एकही राखलेला पत्ता नाही. जळवा चिखलात उपाशी लोंबकळत राहिल्या आणि मुंग्यांनी हर्षालीचा वड मुळापासून पोखरून काढला. तिने जळवांऐवजी धुकं घेतलं असतं, तर ते मुंग्यांना एका घासात गिळून मोकळं झालं असतं. हे तिला कळत होतं, आणि आता त्याला काही इलाज नव्हता.

ताईंनी शेवटची मुंगी टाकली आणि मोठ्याने “हुश्श!” केलं. अख्खा हॉल हसला.

हर्षालीचे डोळे भरून आले होते. ती हरली होती. कित्येक आठवड्यांची तयारी पाण्यात गेली होती. पण टेबलापलीकडे तिला न ओळखता येणारी एक बाई बसली होती, पदराने कपाळ पुसत, लाल चेहऱ्याने, शर्यत धावून आल्यासारखी. हर्षाली टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने ताईंना मिठी मारली.

“कुठे शिकलात हे?”

“शिकलेय कुठली? अजून काही येत नाही. हात नुसता शिवशिवत होता बघ, ठेवू ठेवू म्हणत होता. मी म्हटलं, नाही ठेवत जा.”

अंतिम सामन्यात धुळ्याच्या एका पोरीने धुकं आणलं आणि ताईंच्या मुंग्या तीन फेऱ्यांत गिळून टाकल्या. ताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी त्या पोरीला जवळ घेतलं, तिचं आडनाव विचारलं आणि तिच्या मावशीची ओळख काढली.

परतीच्या गाडीत तुषार पुढे भाऊंच्या शेजारी बसला, दोघी मागे. गाडीला आपली आपण चालता येत असे, पण भाऊ सुकाणू सोडायला तयार नसत. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला रिकामे हात सहन होत नाहीत, असं ते म्हणायचे. शहर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. तुषार डाव कसा कसा झाला ते पुन्हा पुन्हा सांगत होता.

“अहो,” ताई मध्येच म्हणाल्या.

“हं.”

“मला नागपूरला जायचं नाहीये.”

भाऊंनी सुकाणूवरचे हात काढले. गाडीने हळूच टिंग केलं आणि सूत्रं स्वतःकडे घेतली. भाऊ पूर्ण मागे वळले.

“काय म्हणालीस?”

“कायमचं नाही जायचं. महिनाभर जाऊ, दोन महिने जाऊ. लेकराकडे जायला काय झालं? पण मला राहायचंय इथे. सकाळी उठून मला आपला चौक दिसायला हवा. मंगळवारचा बाजार हवा. ही हवी.” त्यांनी हर्षालीच्या मांडीवर थोपटलं. “आणि त्या खोलीला तो पिस्ता रंग मला अजिबात आवडलेला नाही.”

“मग त्या दिवशी ‘चालेल’ का म्हणालीस?”

“मी कधी दुसरं काय म्हणालेय?”

हर्षालीला वाटलं, आता आवाज चढणार. भाऊ रागावले की आधी नाक खाजवायचे. त्यांनी नाक खाजवलं. मग समोर वळले, पण सुकाणूला हात लावला नाही.

“मलापण जायचं नव्हतं,” ते म्हणाले.

“आँ?” हे तुषारचं.

“सकाळी फलाटावर चक्कर मारल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. नागपुरात कोण ओळखतं मला? पण कौस्तुभने विचारलं, मी म्हटलं आईला विचार. मला वाटलं, ही नाही म्हणेल. हिने ‘चालेल’ म्हटलं. मी म्हटलं, हिला लेकाजवळ राहायचं असेल, मी कशाला आडवा येऊ?”

“आणि मी म्हटलं, तुम्हाला जायचं असेल,” ताई म्हणाल्या, “म्हणून माझ्यावर ढकलताय.”

कोणीतरी आधी हसलं. कोण ते नंतर ठरवता आलं नाही. तुषार तर डॅशबोर्डवर डोकं टेकवून हसत होता. भाऊ हसता हसता डोळे पुसत म्हणाले, “काय करून राहिलो होतो आपण?” गाडी शहाण्यासारखी, कोणाकडे लक्ष न देता, नशिराबादच्या दिशेने चालली होती.

नशिराबादच्या ढाब्यावर ते भरीत खायला थांबले. ऊन उतरणीला लागलं होतं. मिरच्यांचा ठसका, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. पहिला घास घेतात न घेतात तोच भाऊंचा फोन वाजला. पडद्यावर कौस्तुभ.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या पोराने हौसेने दांडे बसवून घेतले होते, खिडकी पूर्वेची घेतली होती.

“तू उचल,” भाऊ तुषारला म्हणाले.

“मी? मी काय सांगू?”

“आणा तो इकडे,” ताई म्हणाल्या. त्यांनी बोटं रुमालाला पुसली आणि फोन घेतला.

हर्षालीने हातातली भाकरी खाली ठेवली. गेले कित्येक आठवडे तिने ताईंची एकेक खेळी आधी ओळखली होती, कोणत्या पत्त्याला हात जाईल, कुठे थांबतील, केव्हा माकड पाठवतील. आता समोर बसलेल्या ताई पुढच्या क्षणी काय बोलणार, हे तिला काही केल्या ओळखता येईना. तिला ते इतकं बरं वाटलं की ती हनुवटीखाली हात घेऊन बघत बसली.

“हं, बोल रे,” ताई फोनवर म्हणाल्या. “हो, दुसरी आले. नाही, हर्षालीला हरवलं. ते सगळं नंतर सांगते. कौस्तुभ, आधी मला एक सांग. आम्ही तिथे कायमचं राहायला यावं असं तुला मनापासून वाटतं, का मुलगा म्हणून विचारायला पाहिजे म्हणून विचारलंस?”

ताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मध्ये ठेवला.

“आई,” कौस्तुभचा आवाज आला, जरा चाचरत, “खरं सांगू का?”

“खरंच सांग,” ताई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून नीट, ऐसपैस बसल्या. “आज मला भरपूर वेळ आहे.”